एका छत्रीवर घरभर टीव्ही: फ्री डिशचं कनेक्शन दुसऱ्या खोल्यांत कसं न्यावं

गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, हॉलमधला टीव्ही उत्तम चालतो, आणि आता आजीच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर दुसरा टीव्ही लावायचाय. अशा वेळी बऱ्याच घरांत सरळ दुसरी छत्री आणली जाते. एकाच घराच्या गच्चीवर दोन-तीन छत्र्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. फ्री डिशसाठी त्यांची गरज नसते. एक छत्री, चांगली केबल, योग्य स्प्लिटर (एका केबलचा सिग्नल अनेक केबलींत वाटणारा जोड) आणि प्रत्येक टीव्हीला एक बॉक्स, एवढ्यात तीन-चार खोल्या व्यवस्थित भागतात. हे काम घरच्या घरी करता येतं. फक्त त्या काळ्या केबलमधून नेमकं काय काय जातं, ते आधी समजून घ्यायला हवं. ते कळलं की पुढचे सगळे निर्णय आपोआप सुचतात.

एक खुलासा सुरुवातीलाच. काही जुन्या घरांवर अजून काड्यांचा अँटेना उभा आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून कित्येक वर्षं आपण त्याच अँटेनावर टीव्ही पाहिला. पण ते जुनं ॲनालॉग प्रक्षेपण दूरदर्शनने २०२१-२२ च्या सुमारास मोजकी ठिकाणं सोडून देशभर बंद केलं. त्यामुळे त्या अँटेनाची तार खोल्याखोल्यांत फिरवून आता काही मिळणार नाही. त्याचा गंजलेला नसलेला लोखंडी पाइप मात्र छत्री बसवायला कामाचा आहे.

केबलमधून दोन गोष्टी जातात

छत्रीच्या तोंडासमोर दांड्यावर जो डबा असतो तो एलएनबी. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी फार उच्च वारंवारितेच्या असतात, साध्या केबलमधून त्या टिकणार नाहीत. म्हणून एलएनबी त्यांना खाली आणतो: ११,५०० मेगाहर्ट्झच्या लहरीतून ९,७५० वजा करतो आणि १,७५० मेगाहर्ट्झ केबलमध्ये सोडतो. शिवाय सिग्नल कित्येक पटींनी मोठा करतो. हा सिग्नल केबलमधून खाली येतो.

आणि त्याच केबलमधून वीज वर जाते. एलएनबीला वेगळा चार्जर नसतो. तुमचा सेटटॉप बॉक्स त्याला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो. हा आकडा केवळ वीज देत नाही, तो हुकूमही देतो. उपग्रहाच्या लहरी उभ्या किंवा आडव्या डोलत येतात, यालाच ध्रुवीकरण म्हणतात. १३ व्होल्ट आले की एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाच्या लहरी घेतो, १८ आले की आडव्या. बॉक्सकडून सोबत २२ किलोहर्ट्झचा एक सूक्ष्म सूर आला, तर एलएनबी वरच्या वारंवारितांचा पट्टा निवडतो. नाही आला तर खालचा. म्हणजे एका वेळी एक साधा एलएनबी चारपैकी एकच गठ्ठा खाली पाठवतो.

आता एका एलएनबीला स्प्लिटरने दोन बॉक्स जोडले, एका खोलीत उभ्या ध्रुवीकरणाची वाहिनी लावली आणि दुसऱ्या खोलीत आडव्या, तर काय होईल? एलएनबीला १८ चा हुकूम मिळेल, आणि १३ मागणाऱ्या खोलीतलं चित्र जाईल. स्प्लिटर लावल्यावर ‘काही चॅनेल दिसतात, काही दिसत नाहीत’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. ती ना केबलची असते ना टीव्हीची.

फ्री डिश या अडचणीतून सुटते. तिच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात आणि त्या सगळ्या उभ्या ध्रुवीकरणावर, खालच्या पट्ट्यात आहेत. कुठल्याही खोलीत कुठलीही वाहिनी लावा, एलएनबीकडे मागणी एकच जाते: १३ व्होल्ट, सूर नाही. भांडण होत नाही. म्हणून फ्री डिशला साधा एलएनबी आणि स्प्लिटर पुरतो. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं तसं गृहीत धरू नका. तिथे वाहिन्या दोन्ही ध्रुवीकरणांवर वाटलेल्या असू शकतात, आणि प्रत्येक बॉक्सला त्याचं स्वतःचं कार्ड आणि वर्गणी लागते. तिथे कंपनीकडून दुसऱ्या टीव्हीचं जोड-कनेक्शन घेणं हाच सरळ मार्ग आहे.

आधी घराचा नकाशा

कागदावर गच्ची, मजले आणि ज्या खोल्यांत टीव्ही हवा त्या खोल्या काढा. छत्रीपासून प्रत्येक टीव्हीपर्यंत केबल कुठून जाईल ती रेघ मारा आणि सुतळी धरून खरी लांबी मोजा. नुसत्या नजरेने अंदाज केला तर जिन्याची वळणं, दाराच्या चौकटी, टीव्हीमागची खाली-वर यांत दहा-पंधरा फूट कमी पडतात. मोजमापावर प्रत्येक टोकाला तीन-चार फूट जास्तीचे धरा.

रचना अशी ठेवा: छत्रीपासून एक मुख्य केबल एका जागी येईल, तिथे स्प्लिटर असेल, आणि स्प्लिटरपासून प्रत्येक खोलीला स्वतंत्र केबल जाईल. हॉलच्या टीव्हीमागून बेडरूमला, तिथून पुढे स्वयंपाकघरात असं खोलीतून खोलीत नेणं टाळा. अशा साखळीत शेवटच्या खोलीपर्यंत सिग्नल दोन-तीनदा वाटला जातो आणि मधल्या खोलीत कुणी पिन हलवली की पुढचं सगळं बंद. केबल सोलून दुसरी केबल पीळ देऊन जोडणं, वर इन्सुलेशन टेप गुंडाळणं, हे तर विजेच्या तारेसारखं इथे कधीच करू नका. या केबलची मधली तार आणि भोवतीची जाळी यांच्यातलं अंतर सगळीकडे एकसारखं असावं लागतं. पीळ दिला तिथे ते मोडतं आणि सिग्नल तिथूनच परत फिरतो.

स्प्लिटरची जागा घरात, कोरडी आणि हाताला येईल अशी निवडा. जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर उत्तम. गच्चीवर उघड्यावर नको.

काय आणायचं

केबल आरजी-६ जातीची, ७५ ओहमची. वेष्टणावर दर काही फुटांवर हे छापलेलं असतं, वाचून घ्या. त्याहून बारीक आरजी-५९ जुन्या केबल टीव्हीच्या जोडण्यांत सापडते. तिच्यात सिग्नल जास्त गळतो. मधली तार शुद्ध तांब्याची मिळाली तर घ्या. स्वस्त केबलमध्ये पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा असतो. सिग्नलला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण उच्च वारंवारितेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. पण एलएनबीकडे वर जाणारी वीज तारेच्या पूर्ण जाडीतून वाहते आणि पोलादात तिचा व्होल्टेज उतरतो. पन्नास फुटांपर्यंत हे जाणवत नाही, शंभरच्या पुढे जाणवू शकतं. बाहेरच्या भागाला काळी केबल वापरा. पांढरं वेष्टण उन्हात लवकर तडकतं.

स्प्लिटर घेताना सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून इथे जरा थांबू. दुकानात ‘टीव्हीचा स्प्लिटर’ मागितला की अनेकदा केबल टीव्हीचा मिळतो. त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं. आपला सिग्नल एलएनबीतून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरतो, आणि फ्री डिशचा तर १००० च्या बराच वर असतो. त्यामुळे हा स्प्लिटर दिसायला हुबेहूब तसाच असला तरी चालत नाही, किंवा अर्धवट चालतो. तुम्हाला ५ ते २४०० किंवा ९५० ते २४०० मेगाहर्ट्झ छापलेला, सॅटेलाइटचा स्प्लिटर हवा.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे पॉवर पास. बॉक्सची वीज स्प्लिटरमधून पार होऊन एलएनबीपर्यंत जायला हवी. काही स्प्लिटरमध्ये ती एकाच तोंडातून जाते. त्या तोंडाशी लाल खूण किंवा बाण असतो. तसा घेतलात तर त्या तोंडाला जोडलेला बॉक्स बंद झाला की घरातले सगळे टीव्ही बंद. रात्री आजोबा बातम्या बघत बसलेत आणि हॉलमधला बॉक्स कुणीतरी स्विचवरून बंद केला, एवढंच पुरतं. म्हणून सगळ्या तोंडांतून पॉवर पास असलेलाच मागा. त्याच्या आत प्रत्येक तोंडाला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणारा भाग असतो. वीज प्रत्येक बॉक्सकडून वर जाऊ शकते, पण एका बॉक्सची दुसऱ्यात शिरत नाही.

तोंडं गरजेपुरतीच घ्या. दोन खोल्या असतील तर दोनचा. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून आठ तोंडांचा लावला तर सिग्नल उगाच आठ ठिकाणी वाटला जातो. एखादं तोंड रिकामं राहिलं तर त्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे रिकामं तोंड बंद करणारं टोपण, फिरवून बसवा.

याशिवाय एफ कनेक्टर, म्हणजे ज्याला दुकानात नुसतं ‘डिशची पिन’ म्हटलं तरी चालतं. फिरवून बसवायचे मिळतात आणि दाबून बसवायचेही. दाबायचे जास्त पक्के असतात, पण त्यांना वेगळं पक्कड लागतं. घरात एकदाच काम करायचं तर फिरवायचे चालतील, मात्र आरजी-६ च्या मापाचेच घ्या. बाहेरच्या जोडांसाठी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप घ्या. साधी काळी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते. केबलच्या क्लिपा, भिंतीतून जायला प्लास्टिकची नळी आणि धारदार कटर एवढं झालं की सामान पूर्ण.

प्रत्येक जादा टीव्हीला बॉक्स लागेल. तत्पूर्वी त्या टीव्हीची सेटिंग बघा. हल्लीच्या काही टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. मागे गोल पेचाचं सॅटेलाइटचं तोंड आणि मेनूमध्ये सॅटेलाइटचा पर्याय, या त्याच्या खुणा. अशा टीव्हींसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १८११२ : २०२२ हे मानकही आहे. खुल्या, कूटबद्ध न केलेल्या वाहिन्या त्यावर बॉक्सशिवाय थेट लागतात.

ॲम्प्लिफायर लागेल का?

नव्या माणसाच्या मनात ही भीती असते की एकाच्या तीन केबल झाल्या म्हणजे सिग्नल अपुरा पडेल. हिशेब करून बघू. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये आणि तिच्यातली घट डीबीमध्ये मोजतात. चांगल्या लागलेल्या छत्रीच्या एलएनबीतून साधारण उणे ३० डीबीएम इतका सिग्नल निघतो. बॉक्स उणे ६५ च्या आसपासपर्यंत तग धरतात. म्हणजे मधे ३० डीबीहून जास्त गळती परवडते. आरजी-६ मध्ये या वारंवारितेला शंभर फुटांमागे ८ ते १० डीबी जातात. दोन तोंडांचा स्प्लिटर सुमारे ४ डीबी खातो, चार तोंडांचा ८-९. चार खोल्या आणि शंभर फूट केबल धरली तरी बेरीज वीसच्या आत राहते. साध्या घराला ॲम्प्लिफायरची गरज नाही, हे इतकं स्वच्छ आहे.

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्प्लिटर लावल्यावर स्ट्रेंथ थोडी उतरते. घाबरू नका. चित्र टिकतं ते क्वालिटीवर, आणि ती मुख्यतः छत्रीचा आकार, तिची दिशा आणि एलएनबी इथेच ठरते. एलएनबीने एकदा सिग्नल भरपूर वाढवून दिल्यावर खालच्या वाटणीने क्वालिटी जवळजवळ हलत नाही. याचीच दुसरी बाजू अशी की छत्री वाकडी असेल तर ॲम्प्लिफायर लावूनही क्वालिटी सुधारणार नाही. गोंगाटही तेवढाच मोठा होईल. दोनशे फुटांच्या पुढे केबल न्यायची असेल, शेतातल्या घरापर्यंत वगैरे, तर ॲम्प्लिफायरचा विचार करा. तोही टीव्हीजवळ न लावता लांब ओढ सुरू होते तिथे, छत्रीच्या बाजूला लावा.

छत्री आधी ठीक करा

खोल्या वाढवण्याआधी हॉलच्या टीव्हीवर क्वालिटीचा आकडा बघून लिहून ठेवा. तो कमी असेल तर आधी गच्चीवर जा. जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई-पुण्याहून तो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश उंचीवर येतो. नागपूरहून तो दक्षिणेकडे थोडा सरकतो: सुमारे १४५ अंश, उंची ६० च्या आसपास. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य आहे, म्हणून फोनमधलं होकायंत्र पुरतं. फक्त ते लोखंडी पाइपापासून लांब उभं राहून बघा.

उंची एवढी असल्याने जवळचा कठडा आड येत नाही. मुंबई-पुण्याकडे दहा फुटांवरचा अडथळा छत्रीपेक्षा पंधरा फुटांहून उंच असेल तरच तो नडतो. पण आंबा, नारळ दर वर्षी वाढतात. लावताना मोकळी असलेली दिशा पाच वर्षांनी मोकळी असेलच असं नाही.

दिशा पक्की झाल्यावर एलएनबी पकडीत सैल करून थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे गोल फिरवा आणि खाली कुणाला तरी क्वालिटीचा आकडा वाचायला सांगा. सर्वांत जास्त येईल तिथे आवळा. महाराष्ट्रातून उपग्रह पूर्वेकडे कललेला दिसतो, त्यामुळे एलएनबी सरळ उभा राहत नाही, बराच तिरका बसतो. ही पायरी बरेच जण गाळतात. पण त्याच उपग्रहावर आडव्या ध्रुवीकरणाच्या दुसऱ्या सेवाही आहेत. एलएनबी नीट फिरवलेला नसेल तर त्यांचा गोंगाट आत मिसळतो आणि पावसात चित्र लवकर जातं.

पत्र्यावर किंवा कौलांवर एकट्याने चढू नका. छत्रीजवळून विजेच्या तारा जात असतील तर हे काम माहीतगाराकडेच द्या.

जोडणी

सगळे बॉक्स आधी स्विचवरून बंद करा. रिमोटने नाही, स्विचवरून. बॉक्स चालू असताना केबलमध्ये व्होल्टेज असतो, आणि उघड्या टोकाला जाळीचा एक केस मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट होऊन बॉक्समधला विजेचा भाग जाऊ शकतो.

केबल ओढताना ती विजेच्या वायरिंगच्या पाइपातून नेऊ नका, त्यात जागा असली तरी. वेगळी नळी करा. वळण गोलसर ठेवा. केबल कोपऱ्यात काटकोनात दुमडली तर मधल्या तारेभोवतीचा फेस दबतो आणि ती जागा कायमची कमजोर होते. वळणाचा घेर चहाच्या बशीएवढा तरी असावा. क्लिप ठोकताना केबल चेपू नका. भिंतीला भोक पाडाल ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी केबलच्या आधाराने घरात शिरणार नाही. भोकात शिरण्याआधी केबलला खाली एक लोंबतं वळण द्या. पाणी तिथेच ठिबकून जातं. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर हे वळण हवंच.

आता पिन बसवणं, सगळ्या कामातलं हातोटीचं काम हेच.

१. केबलच्या टोकाचं बाहेरचं वेष्टण साधारण दीड सेंटिमीटर सोला. पातं फार दाबू नका, आतली जाळी कापली जाता कामा नये.

२. जाळी मागे, वेष्टणावर उलटी दुमडा. सगळीकडून नीट पसरवा. एकही केस पुढे राहू देऊ नका.

३. पुढे पांढरा फेस आणि त्यावर चिकटलेला चकचकीत पातळ पत्रा दिसेल. टोकाकडचा सुमारे एक सेंटिमीटर फेस काढून मधली तार उघडी करा. तिच्यावर फेसाचा पापुद्रा राहिला असेल तर नखाने काढा. कटरने खरवडलं तर तांब्याचा मुलामा निघतो.

४. पिन सरळ धरून फिरवत आत सरकवा. फेसाचं टोक पिनेच्या आतल्या तळाशी समपातळीत दिसलं पाहिजे आणि मधली तार पिनेच्या कडेबाहेर दोन ते तीन मिलिमीटर. जास्त असेल तर छाटा. आखूड राहिली तर पुन्हा पहिल्यापासून करा, कारण ती वेळेला टेकते आणि वेळेला टेकत नाही.

५. केबल ओढून बघा. पिन हातात आली तर ती बसलीच नव्हती.

एलएनबीकडची पिन हाताने घट्ट करून पाना अगदी थोडा फिरवा. मग रबरी टेप ताणत खालून वर गुंडाळा, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर चढेल आणि पाणी सांध्यात अडकणार नाही. एलएनबीचं तोंड खाली असलं तरी टेप हवीच. पाणी जाळीत शिरलं की केशिकेसारखं फुटांमागून फूट आत चढतं, आतलं तांबं हिरवं पडतं, आणि मग पिन बदलून भागत नाही, केबलच बदलावी लागते.

छत्रीच्या पाइपाला घराच्या अर्थिंगशी जाड तांब्याच्या तारेने जोडून घ्या. हे वायरमनकडून करा. तरीही एप्रिल-मेमध्ये वळवाच्या ढगांचा गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. एका छत्रीला चार टीव्ही जोडले म्हणजे एका विजेच्या लोळाला चार वाटा मिळाल्या, हे कायम लक्षात असू द्या. गडगडाट सुरू झाल्यावर पिनेला हात लावण्यापेक्षा आधीच, आभाळ भरून आलेलं दिसताच काढलेलं बरं.

एकेक खोली तपासा

मुख्य केबल स्प्लिटरच्या ‘इन’ला, खोल्यांच्या केबली ‘आउट’ना. आधी एकच बॉक्स चालू करा, बाकीचे स्विचवरून बंद. मघाशी लिहून ठेवलेल्या आकड्याशी क्वालिटी ताडून बघा. एक-दोनचा फरक चालेल. मग पहिला बंद करून दुसरा, असं सगळ्यांचं. यातून कळतं की प्रत्येक बॉक्स एकट्याने एलएनबीला वीज देऊ शकतो. नंतर सगळे एकत्र चालू करा आणि प्रत्येक टीव्हीवर वेगवेगळ्या वाहिन्या लावून बघा: एकीकडे सह्याद्री, दुसरीकडे डीडी न्यूज, तिसरीकडे डीडी स्पोर्ट्स.

नव्या बॉक्सवर किंवा ट्यूनरवाल्या टीव्हीवर वाहिन्या शोधताना उपग्रह ९३.५ पूर्व, एलएनबी ९७५०/१०६००, एलएनबी पॉवर चालू आणि डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडायची सोय) बंद ठेवा. काही टीव्हींत एलएनबी पॉवर आधीपासून बंद असते. बाकी सगळं बरोबर असूनही शून्य सिग्नल दिसतो तो यामुळेच. एमपेग-२ आणि एमपेग-४ या चित्र दाबून पाठवायच्या जुन्या-नव्या पद्धती आहेत. जुना एमपेग-२ बॉक्स असेल तर एमपेग-४ मध्ये येणाऱ्या वाहिन्या त्यावर दिसणार नाहीत. एकाच छत्रीवर दोन खोल्यांत वाहिन्यांची यादी वेगळी दिसली तर आधी बॉक्सची जात बघा.

दोन तोंडांचा एलएनबी कधी?

पैसे जास्त जातात, पण ट्विन (दोन तोंडांचा) किंवा क्वाड (चार तोंडांचा) एलएनबीचा फायदा खरा आहे. त्यात प्रत्येक तोंड स्वतंत्र असतं, म्हणून स्प्लिटर लागत नाही, एका खोलीची खराबी दुसरीत जात नाही, आणि उद्या दुसरी सेवा घेतलीत तरी ध्रुवीकरणाचं भांडण होत नाही. प्रत्येक खोलीसाठी गच्चीपासून वेगळी केबल मात्र ओढावी लागते. दोन भावांची वेगळी बिऱ्हाडं एका छतावर असतील तर मी हाच सल्ला देईन. घेताना क्वाड आणि क्वाट्रो यांत गल्लत होऊ देऊ नका. क्वाट्रोचीही चार तोंडं असतात, पण प्रत्येकातून ठरावीक एकच गठ्ठा येतो आणि तो इमारतीसाठीच्या मल्टिस्विचला (प्रत्येक बॉक्सला हवा तो गठ्ठा देणाऱ्या उपकरणाला) जोडायचा असतो. तो थेट बॉक्सला जोडून उपयोग नाही.

दोन्ही खोल्यांत एकच वाहिनी चालणार असेल, स्वयंपाकघरात फक्त हॉलमधलंच ऐकू-दिसू द्यायचं असेल, तर दुसरा बॉक्सही नको. बॉक्सच्या एचडीएमआय तोंडाला एचडीएमआय स्प्लिटर लावा. लांब जायचं असेल तर कॅट-६ केबलवर चालणारा एचडीएमआय एक्स्टेंडर मिळतो. रिमोटचा इशारा उलट दिशेने आणणारा घेतलात तर स्वयंपाकघरातून वाहिनीही बदलता येते.

बिघडलं तर कुठे बघायचं

सगळ्या खोल्या एकदम गेल्या तर दोष स्प्लिटरच्या वरच्या बाजूला: एलएनबी, बाहेरची पिन किंवा मुख्य केबल. स्प्लिटर काढून मुख्य केबल एका बॉक्सला थेट जोडा. चालला तर स्प्लिटर गेला, नाही चालला तर गच्चीवर जा.

एकच खोली गेली तर दोन खोल्यांच्या केबली स्प्लिटरवर अदलाबदल करून बघा. बिघाड दुसऱ्या खोलीत गेला तर स्प्लिटरचं ते तोंड खराब. त्याच खोलीत राहिला तर तिची केबल, पिन किंवा बॉक्स.

एका खोलीतला बॉक्स बंद केल्यावर दुसरीतलं चित्र जात असेल तर स्प्लिटर एकाच तोंडातून वीज सोडणारा आहे, किंवा दुसऱ्या बॉक्सची एलएनबी पॉवर बंद आहे.

बॉक्सवर एलएनबी शॉर्टची सूचना आली तर ताबडतोब स्विच बंद करा आणि शेवटी बसवलेल्या पिना उघडून जाळीचा केस शोधा.

मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं चित्राचे चौकोनी तुकडे पडणं हे या वारंवारितेत होणारच, आभाळातलं पाणी लहरी शोषून घेतं. पण रिमझिम पावसातच जात असेल तर दिशा किंवा एलएनबीचा तिरकेपणा पुन्हा साधा. त्यानेही भागलं नाही, तर छत्री एका मापाने मोठी घ्या. आणि पाऊस थांबून ऊन पडल्यावरही तासन्‌तास सिग्नल येत नसेल, तर पाणी केबलच्या आत गेलंय. बाहेरची पिन कापून आतली जाळी बघा: काळी-हिरवी दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत फूट-फूट मागे कापत जा, आणि तेवढ्यानेही केबल पुरत नसेल तर गच्चीपासून स्प्लिटरपर्यंतची ओढ नवी टाका.